तुझा विळा, माझी पाटी

मंगळवारी दुपारी तू भट्टीपाशी बसलीस आणि पाणी मागितलंस. तुझी सून सलमा तांब्या घेऊन आली, तोवर तू गेली होतीस. त्याच संध्याकाळी असरच्या नमाजानंतर तुला नेलं.

नजमा, कबरस्तानात बायका जात नाहीत. म्हणून मी तुझ्या ओट्यावर बसून राहिले, तुझ्या सुनेचा हात धरून. समोर भट्टी होती. निखारे विझवायचं कुणाला सुचलं नव्हतं, ते आपसूक राख होत गेले. शेजारच्या एका पोरीने मला विचारलं, "बाई, नजमाबी तुमची कोण?" मी म्हटलं, मैत्रीण. तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "त्या? त्या माह्यासंग भांडाले येतात."

भांडायलाच यायचे मी. बावीस वर्षं आपण एकाच गोष्टीवरून भांडलो आणि ते भांडण मिटवायचं राहून गेलं. त्यातलं माझ्याकडून जे बोलायचं होतं ते बोललेच नाही. आता हळूहळू लिहिते आहे. तुला मराठी वाचायचा कंटाळा. "तुमी वाचा, मी ऐकते," असं म्हणून तू हातातलं काम चालूच ठेवायचीस. तसंच समज.

नोकरीसाठी मोताळ्याला आले त्याच वर्षी घरची विळी बोथट झाली, म्हणून तुमच्या दुकानात आले. तुझे यजमान रहीमभाई ऐरणीवर सांडशीने लालभडक पट्टी धरून बसले होते आणि तू उभी राहून घण मारत होतीस. पदर कमरेला खोचलेला. दोन ठोक्यांच्या मधे तू माझ्या हातातल्या विळीकडे पाहिलंस.

"तुमी शाळेत मराठी शिकवता ना? मंग एक सांगा. हे इळी अन् हा इळा. एकाच ट्रकच्या पाट्यातून काढले, एकाच पाण्यात बुचकळले. तं एक तो अन् एक ती काऊन?"

मला बरं वाटलं. असा प्रश्न वर्गात कधी कोणी विचारत नसे. मी सांगितलं की वस्तू मोठी असली की बहुधा पुल्लिंगी, लहान असली की स्त्रीलिंगी. डबा आणि डबी. लोटा आणि लोटी. सुरा, सुरी.

तू घण खाली टेकवलास. "असं? मंग नदी ती अन् नाला तो. नाला नदीपेक्षा मोठा हाये का?"

मी म्हटलं, नियमाला अपवाद असतात.

"अन् घूस? घूस ती अन् उंदीर तो. माह्या घरी येऊन पाहा, कोन मोठं हाये ते."

रहीमभाई पट्टी पुन्हा निखाऱ्यात सारत म्हणाले, "बाई, इच्या नादी नका लागू. पट्टी थंडी होते, पन हे थंडी होत नाई."

विळीला धार लावून घेतली आणि निघाले. घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात तुला उत्तरं देत होते. एकही टिकलं नाही.

पुढच्या भेटीत तयारी करून आले. व्याकरणातलं लिंग ही शब्दाची सोय आहे, असं मी तुला समजावलं. खुर्चीला आपण ती म्हणतो, म्हणून तिला कोणी बाई समजत नाही. रस्त्याला तो म्हणतो, म्हणून त्याला मिशा फुटत नाहीत. शब्द बदलला म्हणून वस्तूला काही फरक पडत नाही.

"वस्तूले नाई पडत, बाई," तू म्हणालीस. "हाताले पडते."

मी हसले. चांगलं बोललीस, पण खरं नव्हे, असं मला वाटलं. तेव्हा मला तुझी अडचण कळली नव्हती. तू माहेरची देऊळगाव राजाची. घरात तुमची बोली, तीत सगळ्या जगाला दोनच दारं, तो नाहीतर ती. मोताळ्याला लग्न होऊन आलीस, दुकानात बसलीस आणि गिऱ्हाइकांच्या तोंडून तिसरं दार पाहिलंस, ते. घर मागे आणि दुकान पुढे. मधे एक उंबरा. तो उंबरा तू दिवसातून पन्नास वेळा ओलांडायचीस आणि प्रत्येक वेळी वस्तू बदलायच्या. आतली किताब बाहेर पुस्तक व्हायची. आतला दरवाजा बाहेर दार व्हायचा.

एकदा तू भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलंस. "पाहा, घडी बंद पडली तं मले वाटते रुसली. लाडीगोडी करून पाहतो आपन, हलवून, फुकून. घड्याळ बंद पडलं तं वाटते बिघडलं. चला दुरुस्तीले. मी तं दोन्हीकडची हावो ना, मले दोन्ही कळते. तुमाले एकच कळते."

त्या संध्याकाळी मी माझ्या घरच्या घड्याळासमोर बराच वेळ उभी राहिले. ते रुसलंय असं समजून बघण्याचा प्रयत्न केला. जमलं नाही. ते नुसतं चालत होतं. हे मी तुला सांगितलं नाही.

आपलं सगळ्यात मोठं भांडण खुरप्यावरून झालं. बाजाराच्या दिवशी तुमच्या दुकानासमोर मी तासभर बसायचे आणि गिऱ्हाईक पाहायचे. विळा घ्यायला आलेला माणूस तो उचलून पाहायचा, दगडावर वाजवायचा, नखावर धार बघायचा, मूठ मुठीत धरून हवेत दोन हात चालवायचा. कुऱ्हाड घेताना तर चौघांचा सल्ला. खुरपं मात्र कोणी पाहायचं नाही. ढिगातलं एक ओढायचे आणि विळ्यासोबत फुकट मागायचे, "हे वरून दे बे, रहीम."

"पाह्यलं?" तू मला विचारायचीस. "विळा तो. कुऱ्हाड ती. त्याइची इज्जत हाये. खुरपं ते, म्हनून वरून. सहा महिने बाई त्याच्यावरच वावर निंदते, बाई. सारा उन्हाळा-पावसाळा तिच्या हातात तेच. पन ते ना तो, ना ती. मंग कोन त्याची धार पाह्यते?"

मी म्हटलं, "नजमा, सोनंसुद्धा ते. दूध ते. घर ते. शेत ते. या सगळ्यांना आम्ही हलकं समजतो का?"

तू खुरपी परत ढिगात रचू लागलीस. जिंकले असं वाटून मी घरी गेले. पुढच्या बाजाराला मला बघताक्षणी, बसायच्या आधीच, तू म्हणालीस, "सोन्याले ते म्हनता, पन सोनं कोनी वरून मांगत नाई."

"मग दोष शब्दाचा नाही, मोलाचा आहे," मी म्हणाले.

"असंल. पन मोल कोनं ठरवलं?"

रहीमभाईंनी आपल्या दोघींसाठी चहा मागवला. त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता.

रहीमभाई गेले त्यानंतर चाळीस दिवस भट्टी बंद होती. मला वाटलं, आता ती विकली जाईल. एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी घणाचा आवाज आला. मी येऊन पाहिलं, तर तू ऐरणीच्या पलीकडच्या बाजूला बसली होतीस, त्यांच्या जागी. डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात हातोडा. आणि घण सलमाच्या हातात होता.

गिऱ्हाइकं यायची आणि इकडेतिकडे बघायची. "लोहार कुठं हाये?"

"तुह्या समोर बसला हाये ना."

"नाई, म्हंजे मानूस..."

"मानूसच बसला हाये. बोल, काय पाह्यजे?"

मी तुला सुचवलं की दुकानावर 'नजमाबी लोहारीण' असं लिहून घेऊ, ऐकायलाही बरं वाटतं. तू मानेनेच नकार दिलास. "लोहारीन म्हंजे लोहाराची बायको. थे मी आधी होती. आता लोहार हावो." तुझं म्हणणं शब्दकोशाप्रमाणेही बरोबरच होतं.

मग कमलबाई आली. ती सोंगणीच्या टोळीची मुख्य बाई. सोयाबीनच्या दिवसांत दहा-बारा बायका घेऊन गावोगावच्या शेतांत जाते, एकराच्या हिशोबाने सोयाबीन कापायचं ठरवून घेते. तिच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. टोळीतल्या सगळ्याच बायकांच्या मनगटाला असतं. सोयाबीनचं खोड वाळलं की तारेसारखं होतं आणि विळा जड. दिवसभर ओढला की संध्याकाळी हात सुजतो.

"नजमाबी, याची मूठ तासून दे," ती म्हणाली. "माह्या मुठीत मावत नाई."

तू विळा उलटसुलट केलास. "कोनं आनला हा?"

"त्याइनं आनला, बाजारातून. दुसरं कोन आननार?"

त्या दिवशी तुला जे दिसलं ते मी इतकी वर्षं बाजारात बसूनही पाहिलं नव्हतं. विळा पुरुष निवडतो. मूठ पुरुषाच्या पंजात बसते, वजन पुरुषाच्या दंडाला रुचतं, आणि मग तो घरी नेऊन बाईच्या हातात देतो. कापणारा हात बाजारात कधी येतच नाही. तुझ्या सासऱ्यांनी तसेच विळे केले, रहीमभाईंनी तसेच केले, आणि तू स्वतः तीस वर्षं त्याच विळ्यांवर घण मारलास. तू म्हणालीस, "बाई, माहीच चूक हाये. मी बाई असून मी मानसाच्या हातचा इळा ठोकत राह्यली."

मग तुला एकच गोष्ट हवी झाली. जिच्या हाताने कापायचं, तिच्या हाताचा विळा असावा. बाकी कशात तुझं मन लागेना.

तू चिकणमाती भिजवून तिचे गोळे केलेस. कमलबाईला म्हणालीस, "हा दाबून धर. विळा धरते तसा." तिच्या बोटांचे खळगे मातीत उमटले. टोळीतल्या आठ जणींकडून तू तसे गोळे दाबून घेतलेस, सावलीत वाळवलेस आणि त्यांच्यावरून बाभळीच्या मुठी तासल्यास. पातं दोन बोटं आखूड केलंस, बाक मुठीच्या जवळ आणलास, पाठ झिजवून वजन उतरवलंस. पात्याला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून बुडवायचं, प्रमाण जमेना. पहिली चार पाती तडकली. पाचवं तू निखाऱ्यातून काढलंस, रंग बघितलास, पाण्यात बुडवलंस, आणि ते वाजवून मला म्हणालीस, "ऐका." मला काही कळलं नाही. पण तुझा चेहरा कळला.

पंधरा विळे झाले. मी त्यांच्यासाठी पाटी लिहिली.

नजमा, हाच तो भाग, जो लिहायला मला इतके दिवस लागले. पुठ्ठ्यावर, शाळेतल्या फळ्यावर लिहायचे तशा अक्षरांत मी लिहिलं, 'महिलांसाठी हलकी विळी'. व्याकरण चोख. विळ्याहून लहान, तर विळी. तू पाटीकडे पाहिलंस आणि विचारलंस, "इळीच म्हनाचं का?" मी म्हटलं, "शब्दाने काय फरक पडतो?"

तीन बाजार गेले. एकही विकली गेली नाही.

पुरुष पाटी वाचायचे आणि हसायचे. "इळी घरी हाये, चाची. भाजी कापाले." एकाने उचलून आपल्या सोबत्याला दाखवली, "घे बे, तुह्या बायकोले. वावरात कांदे चिरंल." मला वाटलं, पुरुष आहेत, हसणारच. तिसऱ्या बाजाराला कमलबाई स्वतः आली. तू मोठ्या आशेने तिच्या मापाचा विळा तिच्यापुढे केलास. तिने हात पुढे केला, पाटीकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला.

"नाई वो नजमाबी. इळी घेऊन वावरात जाऊ का मी? बाया हासतील. म्हनतील, कमल चूल घेऊन आली."

"धरून तं पाह्य."

"नको."

तिच्याच मुठीचा ठसा होता तो. ती निघून गेली. तू पंधराच्या पंधरा पोत्यात भरलेस. मग अगदी शांतपणे म्हणालीस, "बाई, पाटी काढा."

मी त्या वेळी जे बोलले ते मला आजही ऐकू येतं. मी म्हटलं, "तुझं लोखंड कमी पडलं तर माझ्या शब्दाला दोष देऊ नकोस."

ऐन दिवाळीआधीचे दिवस, रस्त्यावर गर्दी, आणि आपण दोघी एकाच बाकावर बसून दोन दिशांना बघत होतो. मी पाटी तिथेच टाकून उठले. पंधरा दिवस तुझ्याकडे आले नाही. पन्नाशी उलटलेल्या दोन बायका, आणि रुसवा शाळेतल्या मुलींसारखा.

मग सलमा घरी आली. "अम्मीने बुलाया. कमलबाईच्या टोळीच्या वावरात या म्हनते, उद्या सकाळी. पाह्यले या, म्हनते."

काय पाहायला, ते तिलाही माहीत नव्हतं. मी रिक्षा केली आणि गेले. सकाळी नऊची वेळ. तू धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसली होतीस आणि तुझ्या पुढ्यात टोळीतले जुने विळे पोत्यावर ओळीने मांडलेले होते, सगळ्यांना नवी धार लावलेली. मला बघून तू थोडी सरकलीस आणि बसायला जागा दिलीस. एवढंच.

हळूहळू मला कळलं, तू काय केलं होतंस. आपल्याकडे लोहार धार लावायला विळा नेतो तेव्हा काम अडू नये म्हणून बदलीचा विळा देऊन जातो, तो कसाही असला तरी कोणी काही विचारत नाही. दोन दिवसांपूर्वी तू टोळीकडे गेलीस, "सोंगनी सुरू हाये, धारी लावून देतो," म्हणून सगळ्यांचे विळे नेलेस आणि पोत्यातले नवे त्यांच्या हातात दिलेस. नाव नाही, पाटी नाही. बदलीचे आहेत, दोन दिवस चालवा, म्हणालीस.

समोर बायका सोयाबीनच्या ओळीत वाकून पुढे सरकत होत्या. आवाज वेगळा येत होता. जड विळा खोडाला ओढून तोडतो, त्याचा खरखर आवाज असतो. हा आवाज तुटक, पटापट. कमलबाई सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या मनगटाला फडकं नव्हतं. मी पुन्हा पाहिलं. कुणाच्याच नव्हतं.

चहाच्या वेळेला त्या धुऱ्यावर आल्या. तू जुन्या विळ्यांवरून हात फिरवत म्हणालीस, "घ्या बाई आपापले. बदलीचे वापस द्या."

कोणी हलेना.

"द्या ना वो," तू पुन्हा म्हणालीस. तुझ्या आवाजात हसू होतं, ते फक्त मला ऐकू आलं.

एक म्हातारी म्हणाली, "माहा राहू दे तुह्याजवळच. त्याले काय धार लावतं, तो तं बैल लावून ओढाचा इळा हाये."

"अन् हा?"

"हा नाई देत मी," कमलबाई म्हणाली. तिने विळा पदराखाली घेतला, लेकरू घ्यावं तसा. "हा माहा हाये. पाह्य, माह्या बोटात बसते."

"आधी नको म्हने तू. इळी हाये म्हने."

"थे इळी होती. हा इळा हाये."

"लोखंड तेच हाये, कमल."

"असंल," कमलबाई म्हणाली. "मले काय करनं हाये?"

सगळ्या हसल्या. तूही हसलीस, पोट धरून, आणि हसता हसता माझ्याकडे पाहिलंस. तू काही म्हणाली असतीस तर मला सोपं गेलं असतं. तू फक्त पाहिलंस. मग डबा उघडलास आणि मला अर्धी भाकर दिलीस.

तिथे, त्या धुऱ्यावर मी म्हणायला हवं होतं की नजमा, तुझ्या लोखंडात काही कमी नव्हतं. माझ्या पाटीने ते झाकलं. हात तुझ्या विळ्यापर्यंत येऊन माझ्या अक्षरांपाशी अडले. आयुष्यभर मुलांना शिकवलं की शब्द आधी येतो. त्या दिवशी पाहिलं की शब्द आधी येतो आणि वाट अडवून उभा राहतो. हे मी म्हटलं नाही. भाकर चांगली झाली आहे, एवढं म्हटलं.

आणि तरीही सांगते, मी अजून पूर्ण तुझ्या बाजूची झालेली नाही. तू ऐकत असशील तर चिडू नकोस. 'ती' म्हटल्यामुळे विळी हलकी ठरली, की बायकांचं काम आधीच हलकं ठरलेलं होतं आणि ते विळीला चिकटलं? हे कोडं तू सोडवलं नाहीस. तू त्याला वळसा घातलास. नाव बाजूला ठेवलंस, वस्तू हातात दिलीस, आणि नाव तिचं तिने ठरवलं. मी वाद जिंकायला बसले होते, तुला विळा खपवायचा होता. शेवटी दोन्ही तूच केलंस.

पुढच्या हंगामांत गावोगावच्या टोळ्या तुझ्याकडे विळे करून घ्यायला आल्या. गेल्या उन्हाळ्यात तुला दम लागायला लागला. डॉक्टरांनी भट्टी बंद करायला सांगितली, तू अर्धी बंद केलीस. मी दुपारची येऊन बसायचे. एके दिवशी तू अचानक विचारलंस, "बाई, मरनाले तुमी काय म्हनता?"

मी म्हटलं, "मरण. ते."

"आमच्यात मौत. ती." तू जरा विचार केलास. "अन् तुमचं ते पुस्तकी?"

"मृत्यू. तो."

"तो, ती अन् ते!" तू टाळी वाजवलीस. "तिन्ही दारानं येते म्हंजे! आता कोन्तं लावून घ्याचं?" आणि तुला इतकं हसू आलं की खोकला लागला. सलमा आतून ओरडली, "अम्मी, हंसो मत!" तरी तू हसत राहिलीस. मला रडू येत होतं, पण तुझ्यासमोर रडायची सोय नव्हती. तू म्हणालीस, "मले वाटते, माह्याकडं ती येईन. बाई बाईले समजून घेते."

ती कशी आली, ते मला माहीत नाही. सलमा म्हणते, तुझा चेहरा शांत होता.

तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी कुराणाचे सिपारे वाचायला बायका जमल्या होत्या. मी दाराशी होते. अकराच्या सुमारास रस्त्यावरून एक घोळका आला, पंचवीस-तीस बायका, काही मोताळ्याच्या, काही मी कधी न पाहिलेल्या. कामावरून मधेच आलेल्या, पायांना माती. दाराशी येऊन थबकल्या. सलमा उठून पुढे आली. तिने सगळ्यांना ओळखलं नाही.

"कोन जी तुमी?"

पुढची बाई जरा अडखळली. मग म्हणाली, "आमी तिच्या इळ्यावाल्या."

सलमाने दार पूर्ण उघडलं. आतल्या बायका सरकल्या आणि जागा झाली. घर भरलं, ओसरी भरली, उरलेल्या ओट्यावर बसल्या. कोणी रडलं नाही फारसं. त्या एकमेकींना आपापले तळहात दाखवत होत्या, कुठे घट्टे होते आणि आता कुठे नाहीत. एक तरुण मुलगी म्हणाली, "मी तं तिले पाह्यलंही नाई. माह्या आईनं दिला मले इळा." मोठा आवाज नको म्हणून मी त्यांना दोनदा सांगायला गेले आणि दोन्ही वेळा न सांगता परत आले. नजमा, तुझ्या घरात त्या दिवशी दुखवटा होता, पण जे चाललं होतं ते जत्रेसारखं होतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला अभिमान वाटला. ही सगळी माणसं एका मुठीच्या मापाने जोडलेली होती, आणि ते माप तू घेतलं होतंस.

तिथे बसून मी मनात म्हटलं, की तुझं बरोबर होतं. हाताला फरक पडतो. इतकी वर्षं राहिलेलं हे एकच वाक्य. इथे लिहून ठेवते आहे.

काल बाजाराचा दिवस होता. मी गेले. तुझं दुकान सलमाने उघडलं होतं, आणि त्याशिवाय आणखी तीन लोहारांकडे तसेच आखूड, बाक मुठीजवळ आणलेले विळे होते. त्यांनी तुझ्याकडे बघून केलेत, तुझं नाव कोणी घेत नाही. त्यातल्या शेवटच्या दुकानासमोर एक बाई उभी होती, तिचा नवरा मागे पिशवी धरून. तिने एक विळा उचलला, मूठ दाबून पाहिली, ठेवला. दुसरा उचलला. हवेत दोन हात चालवले. नवऱ्याने काही सुचवलं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तिसरा उचलला.

मोताळ्याच्या बाजारात आता विळा बायका निवडतात.